तानबा मोर्शीस गेला

नाचणगावात घोडखांद्यांच्या घरी संत्रं खात नसत.

ऐकून कोणीही हसेल. वर्धा जिल्ह्यात राहायचं, संत्र्यांच्या गाड्या दारावरून जाताना पाहायच्या आणि संत्रं तोंडाला लावायचं नाही, हे कसलं व्रत? पण व्रत नव्हतं ते, दुखणं होतं. संत्री मोर्शीकडून येत आणि मोर्शीचं नाव त्या घरात निघत नसे. मोर्शीत पोरगी द्यायची नाही, मोर्शीची सून आणायची नाही, मोर्शीच्या माणसाला पाण्याचा गिलासही द्यायचा नाही. बरं, मोर्शी काही लंकेपल्याड नाही. पुलगावहून एस.टी. धरा, आर्वीला गाडी बदला, आष्टीवरून पुढं नदी ओलांडा, की आली मोर्शी.

दुखणं जुनं होतं, पार सीताबर्डीच्या लढाईपासूनचं. नागपूरकर भोसल्यांची आणि इंग्रजांची ती लढाई, अठराशे सतराची. नाचणगावातून काही घोडेस्वार गेले होते, त्यात घोडखांद्यांचा तानबा होता. बरेचसे तिथंच संपले. पाटलांच्या घरचा एक जण तेवढा काही महिन्यांनी इंग्रजांच्या कैदेतून सुटून लंगडत परत आला. तानबाची बायको भागीरथा वेशीवर उभी होती. त्यानं तिला सांगितलं, "तानबा मोर्शीस गेला," आणि तापानं फणफणून चौथ्या दिवशी तो स्वतःच वर गेला. मागं राहिले ते तीन शब्द.

झालं. गावानं अर्थ काढला, की बाकीचे मेले आणि हा पळाला. मोर्शीत एखादी ठेवलेली असेल, तिच्याकडं तोंड लपवून बसला असेल. भागीरथा तान्ह्या पोराला घेऊन जन्मभर पळपुट्याची बायको म्हणून जगली. गावानं त्याची झडतीसुद्धा केली. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी गाणी म्हणतात, त्या झडत्या. घोडखांद्यांची जोडी आली की हमखास आरोळी उठायची:

"सीताबर्डीवर धूर झाला, गोरा आला चढून,
तानबा गेला मोर्शीले, जोडे हाती धरून! हर हर महादेव!"

दीडशे वर्षं हे चाललं. भोसले गेले, इंग्रज गेले, झडती काही गेली नाही.

या सगळ्याचा हिशेब ज्या बाईनं चुकता केला, तिचं नाव कोकिळा. घोडखांद्यांच्या अण्णाजींची लेक. अठराव्या वर्षी तिला पाहायला पुलगावच्या जिनिंगमधला एक पोरगा आला, चंद्रभान नावाचा. पोह्यांत कोकिळेच्या हातून मीठ दुप्पट पडलं होतं. पोरानं ताटली निपटून काढली आणि म्हणाला, "अजून हायेत काय?" दाराआड उभी राहून कोकिळा इतकी हसली, की आईनं तिला चिमटा काढला. सगळं जमलं होतं. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात पोराच्या मामाच्या तोंडून निघालं, की घर अमरावतीकडं म्हणजे तसं मोर्शीत. अण्णाजींनी सुपारीचं ताट खाली ठेवलं आणि उठून उभे राहिले.

पुढं तिला सेलूच्या एका बिजवराला दिली. कापडाचं दुकान होतं त्याचं आणि खोकला होता. दुकान भावांनी घेतलं, खोकल्यानं त्याला नेलं, आणि दोन वर्षांत कोकिळा रिकाम्या कपाळानं माहेरी परत आली. त्यानंतर ती भाऊ किसनराव आणि भावजय रुख्माबाई यांच्या घरात राबत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पळाला तानबा, आणि फास कोणाच्या गळ्यात?

तरी ती कधी बोलली नाही. बोलली ती थेट पंचाहत्तर सालच्या जानेवारीत, भाची मंदासाठी.

किसनरावांची ही मंदा पुलगावला शिवणक्लासला जायची. तिथल्या शाळेतल्या प्रभाकर मास्तरानं तिला पाहिलं, तिनंही त्याला पाहिलं, आणि मास्तराकडून रीतसर मागणी आली. मास्तर कुठला? मोर्शीचा. देवालाही दुसरं गाव सुचलं नाही. मंदा दोन दिवस जेवली नाही, रडून रडून डोळे सुजवून घेतले. किसनराव म्हणाले, "मोर्शीले नाई म्हणजे नाई."

कोकिळा चुलीपुढून उठली आणि ओसरीवर आली. ओसरीवर भावापुढं येऊन उभं राहायची तिची ही पहिली वेळ.

"काऊन नाई, भाऊ?"

"तुले माहीत नाई काय?"

"मले माहीत हाय. माह्याइतकं कोणालेच माहीत नाई. माहं झालं ते झालं, मी कोणाले म्हतलं काही? पण या पोरीचं नको करू. कोण तो तानबा, कवा मेला, त्याच्या पायात अजून किती पोरी द्याच्या?"

अण्णाजी खाटेवर बसून होते, ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, "कोकिळे, आत जा."

"जातो. पण पोरगी मोर्शीत गेली नाई, तर मी या घरात चूल पेटवणार नाई," एवढं बोलून ती आत गेली. कोकिळेचा स्वभाव घराला ठाऊक होता. कधी न बोलणारं माणूस बोललं, की ते करतं. किसनरावांनी दोन दिवस मास्तराला नकार कळवला नाही, आणि रुख्माबाईला वाटायला लागलं होतं, की हे वाकतात बहुतेक.

तिसऱ्या दिवशी दारात जीप थांबली.

त्या महिन्यात नागपूरला जागतिक हिंदी संमेलन झालं होतं. देशोदेशीचे पाहुणे आले होते, त्यातले काही वर्ध्याला, सेवाग्रामला येऊन गेले. त्यांतलाच एक जण जीपमधून उतरला. काळासावळा, पन्नाशीचा, अंगात सूट, आणि चेहरा असा की धोतर नेसवलं तर नाचणगावच्या बाजारात हरवला असता. सोबत वर्ध्याच्या कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक होते. पाहुण्यानं अण्णाजींना हात जोडले.

"कोठचे पाहुणे?" अण्णाजींनी विचारलं.

"मोरीशस," पाहुणा म्हणाला.

अण्णाजींच्या कानांत ते शिरलं आणि म्हातारा तिरमिरीत उठला. "मोर्शीस? किसन, अरे हे मास्तरचे लोक आता जीपा घेऊन येऊन राह्यले. सांग त्याईले. पोरगी नाई द्याची आपल्याले."

किसनराव बाहेर आले, हात जोडून म्हणाले, "राग नका मानू, पण मोर्शीशी आमचा व्यवहार नाई. आल्या पावली जा तुम्ही." पाहुणा बावरून प्राध्यापकांकडं पाहायला लागला. त्याला पुस्तकी हिंदी येत होतं आणि मोडकं मराठी. तो आपला छातीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "मोरीशस. मी तानबा. मी तानबा."

दीडशे वर्षांनी तानबा परत आला आणि आल्या आल्या त्याला पुन्हा मोर्शीचा ठरवून दाराबाहेर काढत होते. माणसं काही शिकत नाहीत.

शेवटी प्राध्यापकांनी किसनरावांना धरून खाटेवर बसवलं आणि समजावलं. मॉरिशस हे बेट आहे, समुद्रात, आफ्रिकेच्या बाजूला. इंग्रज त्या काळी इथली माणसं पकडून जहाजातून तिकडं न्यायचे आणि रस्ते फोडायला लावायचे. हे पाहुणे बापू तानबा तिकडचे. तिकडं पहिल्या आलेल्या माणसाचं नावच पुढं घराण्याचं आडनाव झालं, म्हणून हे तानबा. यांच्या घरात बापानं लेकाला आणि लेकानं नातवाला सांगत आणलंय, की आपला मूळपुरुष नाचणगावचा तानबा घोडखांदे, सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांच्या हाती सापडला, आणि त्याला बेड्या घालून बेटावर नेलं. "आणि जुनी माणसं त्या बेटाला काय म्हणत ठाऊक आहे का?" प्राध्यापक हसत म्हणाले. "कोणी मोरस म्हणे. पांढऱ्या साखरेला म्हातारी माणसं मोरस म्हणतात ना, ती तिकडून यायची म्हणून. आणि कोणी म्हणे मोरशीस."

कोकिळा चहाचं ताट घेऊन दारात आली होती. ती तशीच उंबऱ्यावर खाली बसली.

तानबा मोरशीस गेला. लंगडत आलेला तो माणूस खरं तेच बोलला होता. बेटाचं नाव घेतलं होतं त्यानं, पुरं नाव. ऐकणाऱ्यांनी बेट कधी ऐकलं नव्हतं, मोर्शी ऐकली होती. पण दीडशे वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आपल्याकडं 'स' लावतो कोण? आपण मोर्शीले म्हणतो, आर्वीले म्हणतो, वर्ध्याले म्हणतो. झडतीतसुद्धा 'मोर्शीले'च म्हटलं. मग निरोपात तो 'स' कशाला आला, हे कोणी विचारलं नाही. आणि तिनं तरी कुठं विचारलं? अण्णाजींनी सुपारीचं ताट खाली ठेवलं तेव्हा तीही खाली मान घालून आत गेली. ज्या बेटावर तानबाला नेलं तिथली साखर या घरानं खुशाल खाल्ली, आणि ज्या गावात त्यानं पाय ठेवला नाही तिथलं संत्रं टाकलं, माणूस टाकला. सगळ्यांना आनंद झाला होता. कोकिळेला मात्र राग आला. एका अक्षराखाली आपला जन्म गेला, आणि ते अक्षर 'ले' नसून 'स' होतं, एवढाच त्याचा जाब मिळत होता.

ओसरीवर रडारड चालली होती. बापू तानबा अण्णाजींच्या पायावर पडला होता, अण्णाजी त्याला उठवून त्याचं तोंड चाचपत होते. किसनरावांनी गावात माणसं धाडली. कोकिळेनं चहा दिला आणि पाहुण्याला विचारलं, "तानबा तिकडं इकडचं काय काय सांगे?"

प्राध्यापकांनी हिंदीत समजावलं. पाहुणा उत्साहानं सांगायला लागला. नदी सांगे, नदीचा डोह सांगे. वेशीवरचा मारुती सांगे. घोडीचं नाव हरणी होतं, ती टेकडीच्या पायथ्याशी पडली, त्याची गोष्ट अजून पोरांना सांगतात.

"अन् भागीरथेचं?"

"भागीरथा?" पाहुण्यानं आठवून पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली. ते नाव त्यांच्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं.

घोडीचं नाव समुद्र ओलांडून गेलं होतं. कोकिळा कप गोळा करून आत गेली.

संध्याकाळपर्यंत अंगणात गाव लोटलं. महादेवराव पाटील नारळ आणि शेला घेऊन आले. त्यांच्याच खापरपणज्यानं आणलेला तो निरोप, पण पाटलांना कसली आली लाज? "ऐकण्यात चूक झाली असन बाप्पा, होते असं," असं म्हणून ते मोठ्यानं हसले, आणि अंगण हसलं. अण्णाजीही हसले. झडती म्हणणारा नत्थूजी पुढं होऊन म्हणाला, "औंदा पोळ्याले नवी झडती करतो." त्यावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. झालं, फिटलं सगळं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा गेला. कोकिळेनं थोडा दम धरला आणि मग भावाला गाठलं.

"भाऊ, आता तं मोर्शीची काही हरकत नाई ना?"

"मोर्शीची कायची हरकत?" किसनराव मोकळेपणानं म्हणाले. "अवं, मोर्शीनं आपलं काय वाकडं केलं?"

"मग मास्तरले होकार कळवू?"

किसनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू काहीच्या काही बोलतं, कोकिळे. तवाची गोष्ट वेगळी होती. आता सीताबर्डीच्या वीराचं घर हाय हे. पेपरात येऊन राह्यलं. पाटील म्हणते, नागपूरच्या इंजिनियरचं स्थळ आणतो. अन् मी पोरगी मास्तरड्याले देऊ?"

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही हे ऐकलं होतं. इथं सुंभ जळलंच नव्हतं, त्याला सोन्याची जर लागली होती. काल लाजेपायी पोरगी देत नव्हते, आज ऐटीपायी देत नव्हते. कोकिळेला वाटलं, या माणसांना निमित्त लागतं, मग ते कोणतंही चालतं.

ती मंदाकडं गेली. मंदा माळवदावर गहू निवडत होती.

"हे पाय मंदे, माह्याजवळ जाण्यापुरते पैसे हायेत. तू हो म्हण. मी सोता तुले मोर्शीत त्याच्या मायजवळ नेऊन घालतो. तुह्या बापाले काय म्हणाचं ते मले म्हणू दे."

मंदानं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"आत्या," ती म्हणाली, "बाबा म्हणते ते काही खोटं नाई. मास्तरच तर हाय तो. भाड्याच्या खोलीत राह्यते."

"मंगळवारी तू जेवली नाई त्याच्यापाई."

"तवा मले काय माहीत होतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"आपण कोण हाव ते," मंदा म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

कोकिळेनं तिच्याकडं पाहिलं. पोरीच्या डोळ्यांखालची सूज अजून उतरली नव्हती. हिला मी वाचवायला निघाले होते, आणि ही वाचायला तयारच नाही. आपल्याला कोणी असं विचारलं असतं, तेव्हा, त्या पोह्यांच्या दिवशी, तर आपण अनवाणी गेलो असतो. पण आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि हिला विचारलं. देव असा उलटसुलट वाटप करतो, की त्याच्या हातावर मारावंसं वाटतं.

प्रभाकर मास्तर एकदा रस्त्यात भेटला. "आत्याबाई, आता काय अडचण हाय?" त्यानं विचारलं. पुढं त्यानं बदली मागून घेतली.

मे महिन्यात मंदाचं लग्न इंजिनियराशी झालं. पत्रिकेवर वर छापलं होतं, सीताबर्डीच्या रणसंग्रामातील वीर तानबा घोडखांदे यांच्या कुळातील कन्या. कोकिळेनं चूल पेटवणार नाही म्हटलं होतं. त्याच चुलीवर वऱ्हाडाचा स्वयंपाक झाला आणि तिनंच केला.

पोळा आला. किसनरावांनी बैलांची शिंगं रंगवली, नव्या झुली आणल्या. अण्णाजींना खुर्चीत बसवून तोरणापाशी नेलं. सगळं घर बाहेर पडलं तेव्हा कोकिळेनं घराला कडी घातली आणि पुलगावच्या स्टँडचा रस्ता धरला.

आर्वीला गाडी बदलली. आष्टी गेली. नदीच्या पुलावर तिनं खिडकीतून पाणी पाहिलं, तेच पाणी जे पुढं तिच्याच गावाच्या बाजूनं वाहत जातं. दिवस कलला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मोर्शी." ती उतरली. स्टँड होता, पानठेला होता, चहाची टपरी होती, गटाराशी एक कुत्रं झोपलं होतं. पुलगावसारखंच. दुपारच्या जेवणानंतर निघून दिवसाउजेडी पोचता येतं इतकं जवळ होतं, आणि तिला तीस वर्षं लागली.

"कोणाकडं जाचं, बाई?" पानवाल्यानं विचारलं.

चंद्रभानचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. म्हातारा झाला असेल, नातवंडं असतील, कमी मिठाचं जेवत असेल. "कोणाकडंच नाई," ती म्हणाली. "पाह्याचं होतं."

संत्र्यांचा हंगाम अजून आला नव्हता. एक म्हातारी टोपलीत गळलेली हिरवट फळं घेऊन बसली होती. कोकिळेनं त्यांतली दोन घेतली. एक तिथंच बाकावर बसून सोललं आणि खाल्लं. जन्मात पहिलं संत्रं, आणि आंबटढाण. डोळ्यांतून पाणी आलं. ते आंबटामुळं आलं असं ती स्वतःला सांगू शकली असती, पण तिनं सांगितलं नाही. तिथंच, चार लोकांत, ती पदर तोंडाला लावून रडली. शेवटची गाडी निघून गेलेली होती. रात्र तिनं स्टँडवरच काढली आणि सकाळच्या गाडीनं परत आली.

घरी किसनराव वाटच पाहत होते. काल तोरणाखाली नवी झडती झाली होती, "तानबा नेला बेटावर, पायी बेड्या घालून," आणि गावानं टाळ्या पिटल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी विचारलं होतं, कोकिळा कोठं हाय? पुलगावहून आलेल्या एका पोरानं सर्वांदेखत सांगून टाकलं होतं, की ती स्टँडवर मोर्शीची गाडी विचारत होती.

"कायले गेलती तिकडं? कोण हाय तुहं तिकडं?" किसनरावांचा आवाज चढला. "आता कुठं नाव धुतल्या गेलं, अन् तू शेण घातलं त्याच्यात."

कोकिळेनं पिशवीतून दुसरं संत्रं काढून त्यांच्यापुढं खाटेवर ठेवलं आणि ती चुलीकडं गेली. त्या संत्र्याला कोणी हात लावला नाही. ते तिथंच सुकलं.

गावाला एवढं पुरलं. विधवा बाई, रात्रभर बाहेर, मोर्शीत. वर्षभर पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता. पुढच्या पोळ्याला अण्णाजी नव्हते, आणि घोडखांद्यांची जोडी तोरणाखाली आली तेव्हा किसनराव ताठ मानेनं तानबाच्या झडतीची वाट पाहत होते. नत्थूजीनं कानावर हात ठेवला आणि आरोळी दिली:

"तानबा गेला बेटावर, जहाज लागलं दर्याले,
कोकिळा गेली मोर्शीले, संत्रं एक खायाले! हर हर महादेव!"

सगळा पोळा खदखदून हसला. महादेवराव पाटलांना ठसका लागला. किसनरावांनी कासरा ओढला आणि बैल घेऊन ते तडक घराकडं निघाले. घर जवळच होतं, दारात ओवाळणीचं ताट घेऊन कोकिळा उभी होती, आणि तिला सगळं ऐकू आलं होतं.

"ऐकलं?" किसनराव तिच्या अंगावर ओरडले. "ऐकलं काय म्हणून राह्यले?"

"ऐकलं," कोकिळा म्हणाली. तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. "म्हणू दे त्याईले. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा खरं म्हणून राह्यले."